दुपट्ट्याआडचे पिच्चर

"अवं मांगं पाहू नको! मांगं पाहू नको वं बाई! आली ते, कंदील घेऊन आली!"

भर दुपारी केनवडजवळच्या एका मळ्यातल्या घरातून ही आरोळी उठली, तेव्हा मी नव्या जावयाच्या कडक इस्त्रीत, हातात पेढ्यांचा पुडा धरून अंगणात उभा होतो. आरोळी अशी जबर, की गोठ्यातल्या म्हशीनं दूध वर ओढून घेतलं, बाभळीवरचे कावळे एकमेकांना न विचारता रिसोडच्या दिशेनं निघून गेले आणि माझ्या हातातला पुडा आपण होऊन कुत्र्यापुढे जाऊन पडला. घरात खून पडतोय याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. फक्त आत जाऊन साक्षीदार व्हावं की मागच्या मागं एस.टी. गाठावी, एवढाच प्रश्न होता. शेवटी बायको मागं उभी होती म्हणून आत गेलो. खोलीची दारं, खिडक्या सगळं सताड उघडं, कोपऱ्यात टीव्ही चालू, आणि त्याच्यासमोर बाजेवर मांडी घालून बसलेला एक सहाफुटी गडी. त्याच्या डोक्यावरून, तोंडावरून, थेट छातीपर्यंत पांढरा दुपट्टा ओढलेला. शेजारी खाली माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे ताई, सूप पुढ्यात घेऊन तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. एक डोळा शेंगेवर, एक टीव्हीवर.

दुपट्ट्याच्या आतून बारीक आवाज आला, "गेली का?"

"गेली," ताई म्हणाली. शेंग सोलणं काही थांबलं नाही. "उघडा डोये. आन् पाव्हणे आले हायेत."

दुपट्टा खाली आला, आणि माझ्या साडूचं मला पहिलं दर्शन झालं. घामानं निथळलेला, ओठ पांढरे पडलेले, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की जणू नुकताच देव भेटून गेला. माझा हात दोन्ही हातांत घेऊन तो म्हणाला, "या पाव्हणे. लय भारी पिच्चर हाये. आपला एक नंबरचा!"

सिनेमावर माझ्या साडूइतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही, आणि त्याच्याइतके कमी सिनेमे पाहिलेला सिनेमावेडाही सापडायचा नाही. कारण त्याला आवडतात ते फक्त भेवाचे, म्हणजे भुताखेतांचे पिच्चर, आणि भेवाच्या पिच्चरमध्ये पाहण्यासारखं जे जे असतं, त्या त्या वेळी हा दुपट्ट्याच्या आत असतो. प्रेमाचे सिनेमे त्याला चालत नाहीत. "त्याच्यात काय पाहाचं? दोघं बी हरघडी दिसूनच राह्यतेत!" मारामारीचे चालत नाहीत, कारण मारणारा कोण ते आधीच ठाऊक असतं. रडके तर नाहीच नाही. माणसाला जेवण जिरवायचं असेल तर आठवड्यातून एकदा तरी काळजाचं पाणी झालं पाहिजे, असं त्याचं आरोग्यशास्त्र आहे, आणि ते त्यानं आजवर निष्ठेनं पाळलं आहे.

आता हा माणूस एरवी भित्रा असेल असं तुम्ही म्हणाल, तर तसं बिलकूल नाही. त्याच्या वांग्यांच्या वाफ्यात एकदा नाग फणा काढून बसला होता. बाया ओरडत बांधावर पळाल्या. हा गेला, कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "चाल, निंघ. पानी द्याचं हाये मले." नाग निघाला. मी स्वतः पाहिलं नाही, पण ज्यांनी पाहिलं ते सांगतात की जाताना नागानं मान खाली घातली होती. रानडुकराच्या अंगावर त्यानं चप्पल फेकली, आणि ते डुक्कर पुढं सगळा हंगाम शेजाऱ्याच्या वावरात जेवायला जात होतं. अशा माणसाला टीव्हीतलं दार किर्र वाजलं तरी दरदरून घाम फुटतो. मी कारण विचारलं तर म्हणाला, "नागाले सांगता येते ना, का निंघ. टीव्हीतल्या बाईले कोन सांगन?"

त्याचे नियम कडक. रात्री सिनेमा नाही. सूर्य डोक्यावर असतानाच लावायचा. दारं-खिडक्या उघड्या पाहिजेत. "भूत उजेडात येत नाही. आन् आलंच, तं आपल्याले निंघाले रस्ता पाह्यजे." कुत्रा अंगणात दारासमोर बांधायचा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे पडद्यावर काय झालं ते दुपट्ट्यात सांगायला ताई शेजारी पाहिजे. ती नसेल तर सिनेमा नाही, मग टीव्हीवर साक्षात त्याचा एक नंबरचा का लागलेला असेना.

या एक नंबरला नाव नाही. त्याच्या कुठल्याच आवडत्या सिनेमाला नाही. म्हणजे जगाच्या दृष्टीनं असेल, पण त्याला ठाऊक नाही. सुरुवातीला पाट्या येतात तेव्हा जे संगीत वाजतं, तेच त्याला सोसत नाही. दुपट्टा पहिल्या सुरालाच वर जातो आणि नाव, नट, दिग्दर्शक सगळे तिकडच्या तिकडं निघून जातात. म्हणून त्यानं आपल्या सिनेमांचं बारसं स्वतः केलं आहे. चौथ्या नंबरला 'आरशावाला'. तिसऱ्याला 'जात्यावाला', ज्यात एका बंद घरात जातं आपोआप फिरतं. दुसऱ्याला 'टांगेवाला', ज्यात बिनमाणसाचा टांगा गावोगाव हिंडतो. आणि त्रिकालाबाधित एक नंबरला 'कंदीलवाला': एक पांढऱ्या केसांची बाई कंदील घेऊन दलदलीच्या काठानं फिरते, आणि जी पोरगी मागं वळून पाहील तिच्या मागं लागते. सरकारं बदलली, तुरीचे भाव बदलले, पण हे नंबर हलले नाहीत. एकदा मी सहज म्हणालो, "भाऊ, जातं टांग्याच्या वर घ्यायला काय हरकत आहे?" तर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, आणि घरी पाठवलेल्या भाजीत सगळी वांगी किडकी निघाली.

रिसोडच्या बाजारात भाजीचं दुकान मांडून बसला की हा माणूस वांगी कमी आणि सिनेमे जास्त विकतो. गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, सांभार कसा देला?" हा कोथिंबिरीची जुडी हातात देतो आणि मनगट सोडत नाही. "थांब. तुले टांगेवाला सांगतो." मग भर बाजारात घोड्याच्या टापा वाजतात, वारा सुटतो, टांगा थांबतो, आत कोणी नाही... गिऱ्हाइकाच्या हातातली सांभाराची जुडी थरथरू लागते. आणि मग तो शेवट सांगतो: टांग्यात माणूस होता! खाली वाकून बिडी शोधून राह्यला होता, म्हणून दिसला नाही. गिऱ्हाईक सुटकेचा श्वास टाकतं आणि आणखी अर्धा किलो वांगी घेऊन जातं. जात्याच्या घरात उंदीर असतात. तेच जातं फिरवतात. आरशातली बाई ही शेजारीण असते, साखर मागायला आलेली. आणि एक नंबरच्या कंदीलवालीची बकरी हरवलेली असते. बिचारी जन्मभर बकरी शोधत हिंडते. पोरीला विचारायला म्हणून मागं येते, पोरी उगाच पळतात. शेवटी बकरी सापडते, आणि बाई कंदील विझवून घरी जाते. एवढं सांगून साडूचे डोळे पाणावतात.

बाजूच्या कांदेवाल्यानं एकदा हरकत घेतली. "काहो भाऊ, बकरी कुठून आणली तुमी? ते बाई तं पोरीले दलदलीत ओढते ना?"

साडूनं त्याच्याकडे असं पाहिलं, की जसं काही त्यानं तराजूत दगड बांधला. "तुया पाहन्यात फरक झाला असन, बावा. पिच्चर डोये उघडे ठेवून पाहत जाय!"

हे कोण म्हणतं आहे, ते ध्यानात घ्या.

ताईवरचा त्याचा हा विश्वास लग्नानंतर पहिल्याच वर्षी पक्का झाला. तेव्हा कारंज्याच्या थिएटरात दुपारचा खेळ असायचा आणि ही नवी जोडी मळ्यातली भाजी विकून तिकडं जायची. अंधारात हा दुपट्ट्यात, ती शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन. एकदा ऐन रंगात ताई पाणी प्यायला बाहेर गेली. जाताना सांगून गेली, पण वाद्यांच्या गजरात याला ऐकू आलं नाही. यानं दुपट्ट्यातून विचारलं, "गेली का?" पलीकडच्या खुर्चीवर बसलेल्या कोण्या भल्या माणसाला वाटलं, हा बायकोचं विचारतो आहे. तो म्हणाला, "हो, गेली." यानं डोळे उघडले. पडद्यावर पडदाभर तोंड होतं, आणि तोंडात दात होते. पुढचं मला निरनिराळ्या लोकांनी निरनिराळं सांगितलं आहे, पण एवढं नक्की, की माझा साडू बसल्या जागेवरून उडाला तो पुढच्या दोन रांगा ओलांडून शिरपूरच्या एका वजनदार शेठजींच्या मांडीवर जाऊन बसला, त्यांच्या गळ्याला त्यानं मिठी मारली आणि खेळ संपेपर्यंत सोडली नाही. शेठजींनी त्या दिवसापासून सिनेमा सोडला, आणि साडूनं ताईशिवाय दुसऱ्या कुणाच्या शब्दावर डोळे उघडणं सोडलं.

आता मी पडलो चौकस. वाशीमला घरी बसल्या बसल्या एकदा मोबाइलवर तो कंदीलवाला शोधून काढला आणि शेवटपर्यंत पाहिला. खरं सांगतो, पाहायला नको होता. बकरी नाही. बकरीचं नाव नाही. ती बाई त्या पोरीच्या केसांना धरून तिला दलदलीत ओढते. पोरीचा हात तेवढा वर राहतो, मग तोही जातो, आणि चिखलावर कंदील तरंगत राहतो. मी भर दिवसा घरातले सगळे दिवे लावले. बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "वीज आहे का, ते पाहतो आहे."

पुढच्या खेपेला मळ्यात गेलो, तेव्हा ताई सांभार उपटत होती. मी तिच्या शेजारी उकिडवा बसलो आणि हळूच म्हणालो, "ताई, बकरी कुठून आली?"

तिनं मुळांची माती झटकली. लाजली नाही, की गडबडली नाही. "माह्या मनातून आली. काहून?"

"इतकी वर्षं खोटं सांगितलं?"

"मंग काय सांगू, भाऊजी? पहिल्यांदा खरा शेवट सांगतला होता, तं सात दिवस हा मानूस विहिरीवर गेला नाही. वांगे सुकून गेले. मले जोडीदार पाह्यजे भाजी तोडाले, का बाजेवर थरथरनारा पाह्यजे?" मग जुडी बांधता बांधता म्हणाली, "आन् पाहाची हौस तं हाये त्याले. मारू नाही मानसाची हौस. भेव त्याचं, शेवट माहा. असं चालते आमचं."

गेल्या वर्षी दिवाळीच्या आसपास ताईच्या पोटात दुखू लागलं. आधी घरगुती काढे झाले, मग वाशीमचा डॉक्टर, मग फोटो, आणि मग अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की पोटात गाठ आहे, काढावी लागेल. आणि ती साधी की वाईट, हे काढून तपासल्यावर कळेल. हे ऐकताना साडूचा हात दोनदा खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे गेला. ताईनं तो धरून खाली ठेवला. घरी आल्यावर त्यानं टीव्हीवर चादर टाकली. बाजारात सिनेमे सांगणं बंद झालं. गिऱ्हाईक मुद्दाम विचारायचं, "भाऊ, टांगेवाला?" तर हा म्हणायचा, "टांगा गेला. सांभार घेनं असन तं घे." मळ्यात तो ताईच्या मागं मागं फिरू लागला. ती चुलीपुढं बसली की हा दारात, ती गोठ्यात गेली की हा गोठ्याबाहेर. ती वैतागून म्हणायची, "काय कंदीलवालीवानी मांगं मांगं फिरून राह्यले वो तुमी?" एरवी या शब्दावर तो टुणकन उडाला असता. आता नुसता उभा राहायचा.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर तो आणि मी. ताईला आत नेलं, दार लागलं, दारावरचा लाल दिवा लागला, आणि साडूनं दुपट्टा डोक्यावरून छातीपर्यंत ओढून घेतला. मला वाटलं, थोड्या वेळानं काढेल. तो काढेना. येणारे-जाणारे थबकून पाहू लागले. एक म्हातारी तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून गळा काढायच्या बेतात आली. "कोन गेलं रे बाप्पा तुहं?"

"कोनी नाही गेलं!" दुपट्टा ओरडला. "तुमी जा बरं, माय!"

 मग तोच बारीक आवाज आला, पहिल्या दिवशी ऐकलेला. "पाव्हणे, दिवा हाये का अजून?"

"आहे."

"काय होऊन राह्यलं?"

मी सांगणार तेवढ्यात दार धाडकन उघडलं, एक नर्स बाहेर आली आणि रक्ताच्या बाटलीसाठी हाका मारत जिन्याकडं धावत सुटली. तिच्या हातमोज्यांवर जे लागलं होतं ते मी पाहिलं. जन्मात पहिल्यांदा मला दुपट्ट्याचा हेवा वाटला.

"कोन धावलं?" साडूनं विचारलं. 

"नर्स," मी म्हणालो. "चहा सांगायला चालली. आतल्या सगळ्यांसाठी."

"धावत?"

"चहावाला दुकान बंद करून राह्यला ना. म्हणून."

"ते ओरडली काहून मंग?"

"साखर कमी सांगत होती. डॉक्टरांना साखर आहे." मी सुटलोच. आतून डॉक्टरांच्या हसण्याचा आवाज येतो आहे, म्हणालो. कोणी तरी गाणं गुणगुणतं आहे, म्हणालो. दारापाशी एक मांजर येऊन बसलं आहे, आणि मांजर दवाखान्यात बसलं की पेशंट बरा होतो, असंही म्हणालो. एवढं सगळं मी त्या लाल दिव्यावरची नजर न हलवता सांगितलं.

 दुपट्ट्यातून शांतपणे आवाज आला, "तुमची ताई बी असंच सांगते."

  त्याचा हात चाचपडत आला आणि त्यानं माझं मनगट धरलं, सांभाराच्या गिऱ्हाइकाचं धरतो तसं.

दिवा विझला, डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली होती, रक्त बरंच गेलं होतं, पण ताई शाबूत होती. गाठ तपासायला पाठवली होती आणि निकाल यायला काही दिवस लागणार होते. तो निकाल पुढं चांगला आला. हे मी आत्ताच सांगून टाकतो, कारण वाचकाला टांगून ठेवणं माझ्या साडूच्या तत्त्वात बसत नाही. आणि हे ताईच्या पद्धतीचं सांगणं नव्हे. गाठ खरोखरच साधी निघाली. पण निकाल कळायच्या आदल्या दुपारची गोष्ट राहिली आहे.

त्या दुपारी मी मळ्यात गेलो, तेव्हा दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या. बाजेवर या वेळी ताई होती, भिंतीला उशी लावून, निम्मी झालेली. नागाला निंघ म्हणणारा माणूस खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. इतक्या वाईट, की सुपात दाण्यांपेक्षा टरफलंच जास्त. टीव्हीवरची चादर निघालेली. "तिनंच लावाले सांगतला," तो मला म्हणाला. "म्हने, मन लागून नाही राह्यलं. एक नंबरचा लावा."

आणि कंदीलवाला चालू होता. दलदल आली, धुकं आलं, ते संगीत आलं. सवयीनं साडूचा हात खांद्याकडं गेला. तिथं दुपट्टा नव्हता. मी पाहिलं, तर तो ताईच्या हातात होता. चाळीस गावच्या भुतांकडं शेंगा सोलत पाहिलेल्या त्या बाईनं तो दुपट्टा हळूहळू वर ओढला, हनुवटीपर्यंत, नाकापर्यंत, आणि मग डोक्यावरून घेतला. पांढऱ्या कापडाआड तिचा श्वास तेवढा हलताना दिसत होता.

"मले भेव लागून राह्यलं वो," ती आतून म्हणाली. सिनेमाचं म्हणाली की उद्याचं, ते तिनं सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

साडूनं सूप बाजूला सारलं. टीव्हीकडं तोंड केलं. आणि मी माझ्या साडूला आयुष्यात पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी सिनेमा पाहताना पाहिलं. पोरीनं मागं वळून पाहिलं. हा ओरडला नाही. कंदील जवळ आला, पांढरे केस आले, पोरीच्या केसांना तो हात लागला. याच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, बोटांनी बाजेची नवार घट्ट धरली होती, पण पापणी लवली नाही. पोरगी ओढली गेली, गळ्यापर्यंत गेली, हात वर राहिला, हातही गेला. चिखलावर एकटा कंदील तरंगत राहिला. ते सगळं, जन्मभर ज्याच्याकडं पाठ करून बसला होता ते, त्यानं शेवटच्या अक्षरापर्यंत पाहिलं. बाहेर ऊन लखलखत होतं आणि कुत्रासुद्धा आवाज करत नव्हता.

"गेली का?" दुपट्ट्यातून ताईनं विचारलं.

त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, सूप पुन्हा पुढ्यात ओढलं आणि एक शेंग उचलली.

"गेली," तो म्हणाला. "बकरी सापडली तिले."